सेकंड म्हणजे कमी नव्हे

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या आपल्या पट्ट्यात रोज कानावर पडणारा एक शब्द आज घेऊ या. तो म्हणजे ‘सेकंड’. लोकलचा सेकंड क्लासचा पास, कारखान्यातली सेकंड शिफ्ट, बाजारातला सेकंडचा माल. ऐकलं की वाटतं, सेकंड म्हणजे कमी प्रतीचं.

शब्दाचं मूळ मात्र वेगळंच सांगतं. रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत ‘सेकुंदुस’ म्हणजे दुसरा. ‘मागून येणं’ या अर्थाच्या शब्दापासून तो तयार झाला. जहाजाच्या मागून वाहत त्याला पुढे नेणाऱ्या वाऱ्यालाही ते सेकुंदुस म्हणत. म्हणजे हा शब्द ‘अनुकूल’ या अर्थानेही चाले.

घड्याळातला सेकंदही तिथलाच. तासाचे 60 भाग केले, ती मिनिटं. मिनिटाचे पुन्हा 60 भाग केले. ही दुसरी वाटणी, म्हणून सेकंद. दहावीच्या एसएससीतला पहिला ‘एस’ म्हणजे सेकंडरी, प्राथमिकच्या पुढची पायरी. रेल्वेत 1974 पर्यंत थर्ड क्लासही होता. तो बंद झाला, आणि साधा डबा सेकंडचा झाला.

आपला ‘दुय्यम’ फारसीतून आला. त्याचाही मूळ अर्थ नुसता ‘दुसरा’. कमीपणा मागाहून चिकटला. घरातही तसंच होतं. त्याची ती कमाई आणि आपला तो ‘हातभार’!

आता कागदाकडे बघू या. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने नावाचा क्रम ठरवून दिला आहे. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. आईचं नाव दुसरं आहे, पण ते दुय्यम नाही. बाळाच्या नावाला लागूनच ते येतं. आणि 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या 18 वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईला पहिलं स्थान दिलं आहे.

तेव्हा बचत गटाच्या पुढच्या बैठकीला येताना रेशनकार्ड घेऊन या. प्रमुख म्हणून कुणाचं नाव आहे, ते एकमेकींना वाचून दाखवू. घरात लहान बाळ असेल, तर त्याचं पूर्ण नाव आईच्या नावासकट लिहून बघू. शाळेत नाव घालताना ते तसंच सांगायचं. तिथे आपलं नाव सुटू द्यायचं नाही.