गोळेश्वरचा मल्ल : खाशाबा जाधव



सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर हे लहानसे गाव आहे. १५ जानेवारी १९२६ रोजी तेथे खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः मल्ल असल्याने आखाड्याच्या मातीची ओळख मुलाला बालपणीच झाली. कराडच्या टिळक हायस्कुलात व पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले.

१९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. मातीत घडलेल्या या मल्लास गादीवरील कुस्ती व तिचे नियम नवे होते. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. त्यावर संतुष्ट न राहता पुढील चार वर्षे त्यांनी मेहनत अधिकच वाढविली.

१९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्याची वेळ आली, तेव्हा द्रव्याची अडचण उभी राहिली. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या गुणांवर गुरूने ठेवलेला केवढा हा विश्वास!

खाशाबांनी तो सार्थ केला. ५७ किलो वजनगटात कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांवर त्यांनी मात केली. जपान व सोव्हिएत रशिया येथील मल्लांकडून ते हरले, तरी कांस्यपदक त्यांना लाभले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसरे मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्कार आटोपताच खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरविले आणि त्या उत्पन्नातून गुरूंचे घर सोडवून दिले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांना अर्जुन वा पद्म सन्मान मिळाला नाही. दिल्लीतील कुस्तीगृहास त्यांचे नाव लाभले, तेही २०१० साली.

आपल्या वर्गातही एखादा मुलगा गणितात मागे, पण मैदानावर सर्वांच्या पुढे असतो. त्याच्यासाठी घर गहाण टाकण्याचा प्रसंग प्रत्येक शिक्षकावर येणार नाही. परंतु त्याचा गुण वेळीच ओळखावा, पालकांना समजावून सांगावा, सायंकाळी घटकाभर त्याच्याजवळ उभे राहावे, एवढे तर खासच प्रत्येकाच्या हाती आहे.