उतारवय आणि मोठी मोटार

वय वाढले की माणसाच्या गरजा आटतात, असा आपल्याकडील जुना समज आहे. जेवण थोडे पुरते, कपडे चार जोड पुरतात, दोन खोल्यांचे घरही पुरेसे वाटू लागते. मोटारीच्या बाबतीत मात्र हा समज खोटा ठरतो. मुले लहान असताना पाच माणसे आणि दोन ट्रंका एवढ्याशा मोटारीत कोंबून जे कुटुंब नागपूरच्या लग्नकार्याला जात असे, तेच कुटुंब घरात दोघेच उरल्यावर उंच आणि ऐसपैस मोटार दाराशी आणून उभी करते. शेजारपाजारच्या तरुणांना यात निवृत्तीच्या पैशाचा बडेजाव दिसतो. बडेजाव थोडासा असेलही. सासुरवाडीच्या दारात मोठी मोटार उभी करण्याचा आनंद साठीनंतर नाहीसा होतो, असे कोणी म्हणणार नाही. परंतु सारा प्रकार तेवढ्यावर संपत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यास छत्तीसगडमधील भिलाईसारखे गाव सोयीचे आहे. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला आणि दुर्गजवळच्या भातशेतांच्या मुलखात पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. नागपूर ही १९५६ पर्यंत याच प्रांताची राजधानी होती. त्यामुळे विदर्भातील मराठी कुटुंबांना हा मुलूख परका नव्हता, आणि कारखान्याबरोबर ती तेथे आणखी वाढली. सेक्टरांत आखलेली वसाहत, सरळ रुंद रस्ते, दुतर्फा झाडे. मोटार शिकावी तर अशा गावात. ज्यांनी तेथे उभी हयात काढली, त्यांच्यापैकी पुष्कळजण निवृत्तीनंतरही तेथेच किंवा आसपासच्या वस्त्यांत राहिले. मुले पुण्याला, बंगळुरूला, कोणाची अमेरिकेला. आई-वडिलांना सेक्टर ९ मधील कारखान्याच्या इस्पितळात जायचे असो, की नातलगांकडे नागपूरला, स्टिअरिंग हाती धरणारा माणूस म्हातारा असतो, किंवा म्हातारी.

वृद्ध चालकांना मोठ्या मोटारी आवडतात, ही गोष्ट जगाने प्रथम अमेरिकेत पाहिली. लिंकन टाउन कार किंवा मर्क्युरी ग्रँड मार्क्विस यांसारख्या अजस्र मोटारी २०११ साली बंद होईपर्यंत तेथील आजोबा-आजींच्या मोटारी म्हणून ओळखल्या जात. टाउन कारची लांबी जवळजवळ साडेपाच मीटर! तिकडे याचे कारण सवयीत शोधले जाते. त्या पिढीने मोटार शिकली ती अशाच लांबरुंद गाड्यांवर. लहान मोटारींचा सुकाळ १९७३ च्या तेलटंचाईनंतरचा. तोवर हात बसून गेले होते. ज्याला जे वळण लागले ते सुटत नाही, असा हा युक्तिवाद आहे.

भिलाईत तो लागू पडत नाही. आज सत्तरीच्या घरात असलेला निवृत्त कामगार किंवा अभियंता १९७० नंतरच्या दशकात नोकरीला लागला. तेव्हा तो सायकलने कामावर जात होता. पुढे नाव नोंदवून, वर्षानुवर्षे वाट पाहून त्याने बजाजची स्कूटर मिळविली. अँबेसेडर होती, पण ती साहेबांची. आणि वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फिएट, जी १९७४ पासून पद्मिनी झाली, तीही त्याच्या आवाक्याबाहेरची. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० बाजारात आली, आणि त्यानंतर केव्हातरी, बहुधा कर्ज काढून, त्याच्या घरी पहिली मोटार आली. ती जेमतेम ३.३ मीटर लांब. अँबेसेडरपेक्षा पुरी एक मीटर आखूड. म्हणजे या माणसाचा हात बसला तो लहान मोटारीवर. तरीही साठीनंतर तो मोठ्या मोटारीकडे वळतो. कारण सवयीपेक्षा खोल असले पाहिजे.

ते पहिल्याने गुडघ्यांत सापडते. पंगतीत पाटावर बसणारा माणूस एका वयानंतर खुर्ची मागतो. त्यात मानापमान नसतो. खाली बसणे जमते, उठणे जमत नाही. ठेंगण्या मोटारीचे आसन म्हणजे पाटच. त्यात शिरताना कमरेत वाकावे लागते, मान आवळावी लागते, आणि बाहेर पडताना सारे वजन मांडीच्या स्नायूंनी उचलावे लागते, तेही एक पाय आत अडकलेला असताना. आसन कमरेच्या पातळीवर असले की शरीर आडवे सरकते, चढावे-उतरावे लागत नाही. अँबेसेडर २०१४ पर्यंत निघत राहिली, तिच्याविषयी वडीलधाऱ्यांना वाटणाऱ्या ममतेचे एक कारण हेच होते. तिची यंत्रे जुनाट होती, पण आसन उंच होते आणि डोक्यावरची टोपी किंवा पागोटे न काढता मागे बसता येत असे.

डोळ्यांचीही अशीच गोष्ट आहे. वयाबरोबर अंधारातही बाहुली पूर्वीइतकी फाकत नाही, नेत्रमणी पिवळसर होतो, आणि समोरून येणाऱ्या दिव्यांचा झोत डोळ्यांत विखुरतो. ठेंगण्या मोटारीत बसलेल्या चालकाच्या डोळ्यांच्या पातळीवरच ट्रकचे दिवे येतात. आसन वर गेले की त्रास थोडा कमी होतो, पुढील मोटारीच्या टपावरून पलीकडचा रस्ता दिसतो, आणि ब्रेक लावावा लागणार हे दोन क्षण आधी कळते. म्हाताऱ्या पायाला हे दोन क्षण फार मोलाचे असतात. शिवाय लांब मोटारीची पुढची व मागची चाके दूर असल्यामुळे खड्ड्यातून जाताना ती कमी हेलकावते. पाठीच्या मणक्यांना हे न शिकविता कळते.

यानंतर येते ते भय. आणि त्यास हसणे योग्य होणार नाही. वसाहतीतील रस्ते कितीही शांत असोत, बाहेर पडताच रायपूर-दुर्गचा महामार्ग लागतो. पॉवर हाऊस, सुपेला या गजबजलेल्या भागांतून तो जातो. नागपूरला जायचे म्हणजे राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा असा अडीचशे किलोमीटरांहून अधिक प्रवास. मागून लोखंड लादलेला ट्रक अंगावर येत असताना लहान मोटारीत बसलेल्या माणसाला आपण कवचावाचून रणात उतरलो आहोत असे वाटते. या भावनेला गणिताचा आधार आहे. १६०० किलो वजनाची एक मोटार आणि ८०० किलोंची दुसरी, दोन्ही ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत गुंतल्या, तर दोन्ही मिळून जड मोटारीच्या दिशेने ताशी सुमारे १७ किलोमीटर वेगाने सरकतील. जड मोटारीतील माणसाच्या वेगात ३३ किलोमीटरांचा फरक पडेल, हलक्या मोटारीतील माणसाच्या वेगात ६७ चा. ज्या धक्क्याने तरुणाच्या छातीला नुसता मुका मार बसतो, त्याने ठिसूळ झालेल्या फासळ्या मोडतात. तेव्हा म्हातारा माणूस वजन विकत घेतो, तो वेडेपणा नव्हे.

मात्र पोलादाच्या गावात राहणारा माणूस वजनाबरोबर पत्र्याच्या जाडीवरही विश्वास ठेवतो. दारावर टिचकी मारून तो मोटारीची परीक्षा करतो. (गमतीची गोष्ट अशी, की भिलाईत रूळ आणि जाड प्लेट तयार होते, मोटारीचा पातळ पत्रा दुसऱ्या कारखान्यांतून येतो.) ही टिचकी फसवी आहे. धडकेचा जोर कोणीतरी सोसावाच लागतो. मोटारीचे नाक वाकले नाही, तर तो आतल्या माणसांपर्यंत पोहोचतो. मर्सिडीज कंपनीतील बेला बारेनी या अभियंत्याने हे ओळखले आणि १९५९ साली त्या कंपनीच्या मोटारीत पुढचा व मागचा भाग मुद्दाम चुरगळणारा आणि मधला कोठा कणखर अशी रचना आली. पोलाद वाकताना ऊर्जा गिळते, हे भिलाईच्या रोलिंग मिलमधील माणसाला वेगळे सांगावयास नको. जुनी जडशीळ अँबेसेडर या कसोटीवर फारशी टिकली नसती. उलट लहान मोटारींविषयीची शंकाही अगदीच निराधार नव्हती: २०१४ साली ग्लोबल एनकॅपने भारतातील पाच लोकप्रिय लहान मोटारी भिंतीवर आदळून पाहिल्या, तेव्हा प्रौढांच्या संरक्षणात पाचांनाही शून्य तारे मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली आहे. टिचकीऐवजी हे तारे मोजणे अधिक शहाणपणाचे.

येथवर सारा विचार मोटारीत बसलेल्याचा झाला. कारखान्याची पाळी सुटते तेव्हा दारातून बाहेर पडणारा लोंढा आठवला, की चित्र बदलते. एके काळी तो सायकलींचा होता. आता दुचाकी वाढल्या आहेत, तरी सायकलवाला आणि पायी चालणारा नाहीसा झालेला नाही. त्याच्या अंगावर पत्राच नाही, जाड नाही की पातळ नाही. जड मोटारीने आपल्या मालकाला दिलेले संरक्षण त्याच्याकडून वसूल केले जाते. ठेंगण्या मोटारीची धडक पायांवर बसते. उंच, सपाट नाकाची मोटार छातीवर आणि डोक्यावर आदळते. महामार्ग-सुरक्षेसाठी विमा कंपन्यांनी चालविलेल्या अमेरिकेतील एका संस्थेने २०२३ साली हे आकड्यांनी दाखविले: ज्या वाहनांचे नाक ४० इंचांहून उंच, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याचा संभव उतरत्या, ठेंगण्या नाकाच्या मोटारींपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक. त्यात आणखी एक दृष्टिभ्रम आहे. उंचावरून पाहताना रस्ता सावकाश सरकतो असे भासते. चालकाला आपण हळू चाललो आहोत असे वाटते आणि वेग मात्र वाढलेला असतो. नाकासमोर उभे असलेले लहान मूल तर त्या उंचीवरून दिसतही नाही.

आणि मोठी मोटार वार्धक्याचा खरा दोष झाकीत नाही. म्हाताऱ्या चालकांचे अपघात वेगाच्या धुंदीत क्वचित होतात. ते चौकात होतात, उजवीकडे वळताना, समोरून येणाऱ्याच्या वेगाचा अंदाज चुकून. तेथे मान वळली पाहिजे आणि नजर तीन ठिकाणी फिरली पाहिजे. मोटार जितकी रुंद आणि तिचे खांब जितके जाड, तितकी कडेची दुचाकी त्या खांबाआड अधिक लपते. आखडलेल्या मानेला मोठ्या मोटारीने मदत न होता अडचणच होते.

मग या वयाच्या माणसाने घ्यावे तरी काय? नीट पाहिले तर त्याला हवी असते ती उंची, रुंद उघडणारे दार, हलके स्टिअरिंग आणि चांगला उजेड. यांपैकी एकाही गोष्टीला दोन टन लोखंड लागत नाही. उंची आणि आकारमान यांची फारकत आपल्याकडे पूर्वीच झाली आहे. १९९९ साली आलेली वॅगन आर लांबीने लहानच होती, पण तिचे आसन आणि छत उंच होते. २००६ च्या अंदाजपत्रकाने चार मीटरांच्या आतील लहान मोटारींना करात सवलत दिली. तेव्हापासून कारखानदारांनी त्या चार मीटरांत उभी वाढ करण्याची कला साधली. भिलाईच्या सेक्टरांतून फिरणाऱ्या ज्या मोटारींना आज मोठ्या म्हणतात, त्यांतील पुष्कळ मोटारी लांबीने जुन्या अँबेसेडरपेक्षा आखूड आहेत! गुडघेदुखीवर आणखी एक उतारा मिळाला तो २०१४ मध्ये, क्लचचे पेडल नसलेल्या स्वस्त लहान मोटारी आल्या तेव्हा. डाव्या पायाची सुटका झाली. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ही सुटका कोणत्याही भपक्याहून मोठी वाटते.

एवढी चिकित्सा करावयाची, कारण या वयात मोटार म्हणजे घराबाहेरचे जग असते. ती गेली की औषधासाठी शेजाऱ्याची वाट पाहणे आले, भजनाला न जाणे आले, आणि मुलाचा फोन आला की सारे ठीक आहे असे सांगणे आले. पुष्कळ वृद्ध आपण होऊन मर्यादा घालून घेतात: रात्री जात नाहीत, पावसात जात नाहीत, महामार्ग टाळतात. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार पंचावन्नी उलटलेल्याचा परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी नवा होतो, आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. ते घरबसल्या सही करून आणण्याऐवजी डोळे आणि मान खरोखरीच तपासून घेतली, तर किल्ली आणखी काही वर्षे निर्धास्तपणे खिशात राहते.

मोटार घ्यावयास जाताना म्हातारा-म्हातारी दोघांनी जावे. दुकानातील माणूस इंजिनाची शक्ती सांगू लागला तर त्याला थोडे थांबवावे. दोन्ही दारांतून प्रत्येकी पाच वेळा आत बसावे आणि बाहेर यावे. मग चालकाच्या आसनावर बसून दुकानातील एखादे ठेंगणे स्टूल मोटारीच्या नाकापुढे ठेवावयास सांगावे, आणि ते दिसेपर्यंत किती पावले मागे न्यावे लागते ते मोजावे.