कामगारांची मुले आणि इंग्रजी



इंग्रजीवर बोलण्यासाठी एखाद्या प्राध्यापकांना न बोलावता व्याख्यानमालेच्या चालकांनी कामगार संघटनेच्या कार्यकर्त्यास बोलावले, याचे आपणांस नवल वाटले असेल. आम्हांसही वाटले. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी संपले. पुढचे जे काही झाले ते यंत्रावर, युनियनच्या कचेरीत आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जुन्या पुस्तकांवर झाले. तेव्हा आमच्या मुलांनी दहावीपर्यंत किती आणि कसले इंग्रजी शिकावे, एवढाच प्रश्न आम्ही कामगाराच्या बाजूने मांडणार आहोत.

तीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. भोसरीच्या एका लहानशा कारखान्यात आम्ही लेथवर कामाला होतो. एके दिवशी हिशेब देतो म्हणून आम्हां सहा जणांना बोलावले आणि एका टाइप केलेल्या इंग्रजी कागदावर सह्या घेतल्या. आम्ही इंग्रजी घेऊन दहावी पास झालेले. कागद वाचला नाही असे नाही. त्यात 'ऑफ माय ओन अकॉर्ड' असे चार शब्द होते. 'माय' ठाऊक होते, 'ओन' ठाऊक होते, 'अकॉर्ड'पाशी अडलो, आणि विचारावयाची लाज वाटली. पुढे तक्रार घेऊन गेलो तेव्हा कळले की, आम्ही स्वखुशीने नोकरी सोडल्याचे आमच्याच सहीने लिहून दिले होते. सहा जणांचे काम गेले. दोघे गावी परतले ते पुन्हा आले नाहीत.

यात आम्ही आमच्या शिक्षकांस दोष देत नाही. त्यांनी व्याकरण शिकवले, पाठांतर करून घेतले. पण दोन गोष्टी आमच्यापाशी नव्हत्या. अनोळखी शब्द आला तर मागच्यापुढच्या वाक्यांवरून त्याचा अंदाज घेण्याची सवय नव्हती, आणि 'साहेब, याचा अर्थ काय?' असे उभे राहून विचारण्याचे धैर्य नव्हते. या दोन्ही गोष्टी वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी, वर्गातच, शिकण्याच्या आहेत.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. 2000 सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले. हा निर्णय घेणारे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे आपल्याच भागातले. चिंचवडचे नाट्यगृह त्यांच्या नावाने आहे. म्हणजे दहावीपर्यंत सहा वर्षे शिकावयाचे इंग्रजी आता मूल दहा वर्षे शिकते. वर्षे वाढली ही चांगली गोष्ट झाली. पण त्या दहा वर्षांअखेर मुलाच्या पदरात काय पडते, याचा हिशेब कोणी मागतो काय?

मराठी माध्यमाच्या दहावीची इंग्रजीची प्रश्नपत्रिका आम्ही मुद्दाम मिळवून पाहिली. लेखी 80 गुण, तोंडी 20. पूर्वी न वाचलेला उतारा आहे, पत्रलेखन आहे, कोष्टकातली माहिती वाक्यांत आणि वाक्यांतली माहिती कोष्टकात मांडण्याचा प्रश्न आहे, मराठीत भाषांतर आहे. आराखडा उत्तम आहे. कारखान्यात शिफ्टचा तक्ता वाचणाऱ्यास नेमके हेच लागते. पण पालक आम्हांस सांगतात ते निराळे. पत्रे गाइडमधून पाठ होतात, कवितेचे रसग्रहणही पाठ होते, आणि तोंडी परीक्षा दोन मिनिटांत उरकली जाते. ज्या मुलाने सहा पत्रे पाठ केली त्याला सातवे लिहिता येत नाही. आयुष्यात मात्र सातवेच लिहावे लागते.

आता चाकणकडे पाहा. तेथे जर्मन आणि कोरियन साहेब आहेत, ओडिशा-बिहारचे कामगार आहेत, आमच्या मराठवाड्यातली पोरे आहेत. यांतल्या कोणाचीही मातृभाषा इंग्रजी नाही. म्हणून उच्चार कसा, याची लाज धरण्याचे कारण नाही. तेथे शब्दाचा अर्थ चुकता कामा नये. मध्यंतरी एक कंत्राटी कामगार नेमणुकीचा कागद घेऊन आमच्या कचेरीत आला. बरोबर नववीतली मुलगी होती. 'वर्षानंतर कायम करणार आहेत,' असे बाप आनंदाने सांगत होता. मुलगी कागद वाचून हळूच म्हणाली, 'अण्णा, यात 'मे' लिहिलंय, 'शॅल' नाही. करतीलच असं नाही.' बंधूंनो, 'मे' म्हणजे मालकाची मर्जी, 'शॅल' म्हणजे मालकावर बंधन. आम्हांस हा फरक कळावयास दहा वर्षे लागली होती. त्या पोरीला तो शाळेत कळला. तिच्या शिक्षिकेस आमचा नमस्कार.

कारखान्यातल्या स्थायी आदेशांचा 1946 चा कायदा आणि 1948 चा कारखाना कायदा, या दोहोंत फलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांस समजणाऱ्या भाषेत लावण्याची तरतूद होती. नोव्हेंबर 2025 मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या आणि ते कायदे त्यांत विलीन झाले. कामगाराच्या भाषेचा हक्क आम्ही मागतच राहू. पण फलक मराठीत असला तरी करार, नेमणूकपत्र आणि वकिलाची नोटीस बहुधा इंग्रजीतच येते, आणि ती वाचणारा घरात एक तरी हवा.

मग कोणी म्हणेल, कामगाराच्या मुलाला अर्ज आणि सूचना शिकवा, कथा-कविता कशाला? हे आम्हांस मुळीच मान्य नाही. चार्ल्स डिकन्सने 1854 साली 'हार्ड टाइम्स' ही गिरणीगावाची कादंबरी लिहिली. तीत ग्रॅडग्राइंड नावाच्या गृहस्थास शाळेत केवळ माहिती हवी असते. सर्कशीत घोड्यांमध्ये वाढलेल्या मुलीस तो घोड्याची व्याख्या विचारतो. तिला ती येत नाही, आणि दुसरा मुलगा ती धडाधड म्हणून दाखवतो. घोडा कोणाला अधिक ठाऊक होता, हे आपणच ठरवा. त्याच 1854 साली सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह निघाला. तळागाळातल्यांनी इंग्रजी शिकावे, असा आग्रह त्यांनी धरला तो कवितेतून. जोतीरावांनी 1847 साली थॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' वाचले, ते काही नोकरीच्या अर्जासाठी नव्हे. माणूस काय बोलतो आणि काय दडवतो, हे ओळखावयास गोष्ट शिकवते. वाटाघाटीच्या टेबलावर हीच विद्या आमच्या उपयोगी पडली आहे.

आणखी एक. इंग्रजी यावे म्हणून पोटाला चिमटा घेऊन मुलास कोणत्याही इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालणारे पुष्कळ आईबाप आम्ही पाहतो. त्यांची कळकळ खरी आहे. पण ज्याला मराठीत 'का?' विचारता येत नाही त्याला इंग्रजीतही येणार नाही. घराला आधी पाया, मग मजला.

तेव्हा दहावीच्या मुलाकडून आमच्या अपेक्षा चारच. साध्या इंग्रजीतले अनोळखी पान वाचून त्याने त्याचा आशय घरी मराठीत सांगावा. न कळलेले उभे राहून विचारावे. घडलेली हकीकत अर्धे पान स्वतःच्या शब्दांत लिहावी. आणि एखाद्या गोष्टीवर किंवा कवितेवर स्वतःचे मत द्यावे, मग ते शिक्षकांच्या मताविरुद्ध का असेना.

हे सारे शाळेवर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. युनियनच्या कचेऱ्या संध्याकाळी मोकळ्या असतात. तेथे मुलांनी बसावे, आपापल्या आईबापांचे कागद आणावेत, शब्दकोश उघडावा. सही करण्यापूर्वी वाचणारे मूल ज्या घरात आहे, त्या घरातल्या माणसास फसवणे सोपे नाही.