नायजेरियातील खेळ, खाजगी भांडवल आणि खेळाडूंचे वेतन

(अभ्यासवर्गातील भाषण)



ऑक्टोबर २०२४ मध्ये नायजेरियाच्या सरकारने क्रीडा मंत्रालय बरखास्त केले आणि राष्ट्रीय क्रीडा आयोगाचे पुनरुज्जीवन केले. खेळाचे रूपांतर उद्योगात व्हावे, त्यात खाजगी गुंतवणूक यावी आणि त्याचा कारभार व्यावसायिक व्यवस्थापनाने चालावा, असा या धोरणाचा रोख आहे. सरकारी अनागोंदीला विटलेल्या प्रामाणिक क्रीडाप्रेमींनाही ते पटते. म्हणूनच त्याची चिकित्सा अनुभवाच्या आधारे झाली पाहिजे.

हा अनुभव त्या देशाला नवा नाही. इबादान येथील लेव्हेंटिस युनायटेड हा व्यापारी कंपनीचा फुटबॉल संघ. १९८६ साली त्याने लीग आणि राष्ट्रीय चषक ही दोन्ही विजेतेपदे मिळविली. कोट्यधीश उद्योगपती एम. के. ओ. अबिओला यांच्या अबिओला बेब्स संघाने १९८५ व १९८७ साली चषक जिंकला. मालकांनी पाठबळ काढून घेताच हे दोन्ही संघ नामशेष झाले. ओवेरीचा इवुआन्यान्वु नॅशनाल हाही एका उद्योगपतीच्या नावाचा संघ. त्याने १९८७ ते १९९० अशी सलग चार वर्षे लीग जिंकली. पुढे तो इमो राज्य सरकारकडे गेला व 'हार्टलँड' म्हणून ओळखला जाऊ लागला.

१९९० साली लीग 'व्यावसायिक' घोषित झाली, तरी बहुतेक संघ राज्य सरकारांच्याच मालकीचे राहिले. आबा शहराच्या एन्यिंबा या अशाच संघाने २००३ व २००४ साली आफ्रिकन चॅम्पियन्स लीग जिंकली. परंतु तेवढ्याने सरकारी मालकी निर्दोष ठरत नाही. संघाची तिजोरी राज्यपालाच्या मर्जीवर उघडते वा बंद होते आणि खेळाडूंचे वेतन महिनोन्महिने थकते. २०१२ साली लीगचा कारभार एका कंपनीकडे सोपविण्यात आला. २०२२ साली तीही व्यवस्था मोडीत निघाली.

आता खाजगी मालकीचे समर्थक रेमो स्टार्सचे उदाहरण देतात. इकेन्ने येथे स्वतःचे मैदान उभारणाऱ्या या संघाने २०२४-२५ ची लीग जिंकली. हे यश खरे आहे व ते मान्य केले पाहिजे. मात्र संघाचे मालक कुनले सोनामे यांची संपत्ती सट्ट्याच्या व्यवसायातून आलेली आहे. आज संघाची घडी नीट आहे. परंतु उद्या मालकाचे हितसंबंध बदलले, तर अबिओला बेब्सचे प्राक्तन टाळण्याची हमी कोणती?

राष्ट्रीय संघांची स्थितीही बोलकी आहे. २०१६ साली आफ्रिकेचे विजेतेपद मिळवून परतलेल्या महिला फुटबॉलपटूंना थकलेल्या मानधनासाठी अबुजात संसदेवर मोर्चा न्यावा लागला. २०२५ च्या जुलैमध्ये त्याच संघाने पुन्हा विजेतेपद पटकावले, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी प्रत्येक खेळाडूस एक लाख डॉलरचे बक्षीस व घर जाहीर केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुरुष संघाने थकबाकीसाठी सरावावर बहिष्कार टाकला. बक्षीस ही सत्ताधाऱ्याची कृपा असते. वेतन हा कष्टाचा हक्क असतो. त्या हक्कासाठी मात्र खेळाडूंना आजही झगडावे लागते.

तेव्हा व्यवस्थापन खरोखर व्यावसायिक आहे की नाही, याच्या कसोट्या साध्या आहेत. हंगामापूर्वी वेतनाची रक्कम राखून ठेवली जाते काय? हिशेब जाहीर होतात काय? खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी होतात काय? मालक निघून गेल्यास संघ त्या शहराकडे राहतो काय? आयोगाच्या धोरणाचे मूल्यमापन या प्रश्नांच्या उत्तरांवरूनच करावे लागेल.