लुटुपुटीचे दुकान आणि मुलाच्या मनावरील भार



अहिल्यानगर येथे १९४८ पासून भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे केंद्र व शाळा आहे. रणगाडा हाकण्याचे पहिले धडे शिकाऊ जवानास आता पुष्कळदा सिम्युलेटर नावाच्या लुटुपुटीच्या यंत्रावर दिले जातात. त्यात इंधन जळत नाही आणि चूक झाली तरी कोणी दगावत नाही. वर्गात मांडलेले वाणसामानाचे दुकान ही याच जातीची योजना होय. फरक काय तो खर्चाचा.

अशा शिक्षणात एक गोष्ट मात्र डोळ्यांना दिसत नाही. दोघांनी वळण सारखेच अचूक घेतले, तरी एकाचे मन मोकळे असते, तर दुसऱ्याचे काठोकाठ भरलेले. त्यावर आणखी एक काम पडले की सारा डोलारा कोसळतो. म्हणून यशाबरोबर त्यासाठी पडलेला भारही मोजावा, असा विचार पुढे आला. तोंडी गुणाकार अवघड होत जाईल तशा माणसाच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, असे हेस व पोल्ट या संशोधकांनी १९६४ साली दाखविले. हार्ट व स्टेव्हलँड यांनी १९८८ मध्ये सिद्ध केलेली सहा अंगांची प्रश्नावली ‘नासा’ या अमेरिकी संस्थेच्या नावाने ओळखली जाते. तीत कामाची घाई आणि मनाची चिडचिड यांनाही स्थान आहे. १९९२ मध्ये पास यांनी याहून सोपा मार्ग धरला. मनाला किती श्रम पडले, हे शिकणाऱ्यानेच एक ते नऊ यांतील एका अंकाने सांगावयाचे. एवढीशी ही मोजपट्टी, पण अद्याप वापरात आहे.

प्राथमिक शाळेत पाच चिंचोके पुरेत. पाथर्डी-शेवगावकडे ऊसतोडीचा हंगाम संपला की आईबापांबरोबर गेलेली मुले वर्गात परततात. अशा एखाद्या मुलास दुकानदार करावे. बत्तीस रुपयांचा जिन्नस देऊन पन्नासच्या नोटेतून अठरा रुपये तो बरोबर परत करील आणि शिक्षकाच्या वहीत ‘येते’ अशी खूण पडेल. परंतु खेळ संपताच, ‘डोक्याला जेवढा ताण पडला तेवढे चिंचोके उचल’ असे त्यास सांगावे. त्याने पाचही उचलले, तर त्या खुणेचा अर्थ बदलतो. दुसऱ्याच दिवशी त्याच्यापुढे तीन गिऱ्हाइकांची गर्दी आणणे हा अन्याय होय. भाव फळ्यावर लिहावेत, म्हणजे ते लक्षात ठेवण्याचे ओझे उतरते. गिऱ्हाईक एकच असू द्यावे. चार दिवसांनी चिंचोके पुन्हा पुढे ठेवावेत.

केवळ चिंचोक्यांवर विसंबूनही चालणार नाही. काही मुले लाजेने एकच उचलतात, तर काहींनी मुळात प्रयत्नच केलेला नसतो. म्हणून उत्तर व चिंचोके वहीत शेजारी शेजारी लिहावेत. उत्तर चुकले आणि चिंचोका मात्र एकच उचलला, असे आढळल्यास मुलास प्रश्न कळला होता की नाही, हे आधी पाहावे. चिंचोक्यांना गुण मात्र कदापि देऊ नयेत. दिले की मुले खरे सांगणे सोडतील.