रुग्णाच्या उशाखालची पुडी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



जैन दर्शनाने सहा अंतरंग तपांमध्ये वैयावृत्त्याला म्हणजे सेवाशुश्रूषेला स्थान दिले आहे. सोळाकारण भावनांमध्येही तिची गणना होते. म्हणूनच मंदिर, पाठशाळा आणि धर्मशाळा यांच्या जोडीला रुग्णसेवा हे आपल्या संस्थांचे परंपरागत कार्य ठरले. रुग्णालयात जाऊन विचारपूस करावी, डबा पोहोचवावा, औषधोपचारास हातभार लावावा, ही शिकवण घराघरांतून मिळत आली आहे. मात्र या सेवेच्या वाटेवर एक असा प्रश्न उभा आहे, की ज्याविषयी कुजबुज होते, पण उघड चर्चा होत नाही. गंभीर आजाराने अंथरुणाला खिळलेला रुग्ण रुग्णालयातही तंबाखू खातो आणि ती त्याच्या हाती देणारे बहुधा त्याच्याच मायेचे माणूस असते.

डोळ्यांसमोर एक चित्र आणावे. बाजारपेठेतील एका पेढीवरचे साठीच्या घरातील दिवाणजी. हिशोबात चोख, देवदर्शनाशिवाय अन्नाला न शिवणारे. बिडी-सिगारेटला त्यांनी कधी स्पर्श केला नाही. त्यामुळे आपण निर्व्यसनी आहोत, अशीच त्यांची धारणा. चंची मात्र चाळीस वर्षे खिशात. हृदयविकाराचा झटका येऊन ते अतिदक्षता विभागात दाखल होतात. डॉक्टर विचारतात, “काही व्यसन?” मुलगा तत्परतेने उत्तर देतो, “नाही साहेब, आमचे जैन घर आहे.” दुसऱ्या दिवशी दिवाणजी अस्वस्थ होतात, चिडतात, झोपत नाहीत, हाताला लावलेली सुई ओढू पाहतात. पत्नीला कारण ठाऊक असते. तिला ते हाल पाहवत नाहीत. संध्याकाळच्या डब्याबरोबर एक पुडी येते आणि उशाखाली जाते. तलफ भागते, चेहरा शांत होतो आणि इकडे नाडीचे ठोके व रक्तदाब वाढतात. औषध चालू असताना हे का घडते, याचा उलगडा डॉक्टरांना होत नाही.

या चित्रातील प्रत्येक व्यक्ती सज्जन आहे. कोणाच्याही मनात कपट नाही. तरीही रुग्णाचा जीव धोक्यात येतो. या प्रश्नाचे गांभीर्य नेमके यातच आहे.

शासनाच्या २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात धूम्रपान करणारे प्रौढ १०.७ टक्के होते, तर धूर नसलेली तंबाखू वापरणारे २१.४ टक्के. महाराष्ट्रात ही तफावत अधिकच ठळक आहे. येथे धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर तंबाखू-चुना, मिश्री, गुटखा, मावा, खर्रा अशा रूपांत तिचे सेवन करणारे २४.४ टक्के आढळले. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, परंतु चुना लावून मळण्याची साधी तंबाखू सर्वत्र मिळते. रुग्णालयात कोणी विडी पेटवली, तर वास येतो, धूर दिसतो, परिचारिका धावून येते. गालात धरलेल्या चिमटीला वासही नाही आणि धूरही नाही. म्हणून ती शेवटच्या खाटेपर्यंत बिनबोभाट पोहोचते.

धूर नाही म्हणून अपाय नाही, हा समज भ्रामक आहे. तंबाखूतील निकोटिन तोंडाच्या अस्तरातून थेट रक्तात शिरते आणि चुन्यामुळे हा प्रवेश अधिक सुलभ होतो. त्याने हृदयाची गती व रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. निरोगी माणसाचे शरीर जो भार सोसते, तो नुकत्याच दुखावलेल्या हृदयाला सोसवत नाही. शस्त्रक्रियेनंतरची जखम भरून येण्यास रक्ताचा पुरवठा लागतो. तोच येथे आखडतो. सुपारीयुक्त गुटखा किंवा मावा वर्षानुवर्षे खाणाऱ्यांच्या तोंडाचे अस्तर ताठर होऊन तोंड पुरेसे उघडेनासे होते. अशा रुग्णाला भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे कठीण जाते. भूलतज्ज्ञाला हे आधी कळले, तर तो त्याची तयारी ठेवतो. ऐन वेळी कळले, तर प्राणावर बेतू शकते. तंबाखू आणि सुपारी ही दोन्ही कर्करोगास कारणीभूत आहेत, हे तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केव्हाच जाहीर केले आहे.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. चाळीस वर्षांची सवय एकाएकी तुटली, की शरीर बंड करते. पहिल्या चोवीस तासांतच बेचैनी, चिडचिड, निद्रानाश, एकाग्रतेचा अभाव सुरू होतो. दोन-तीन दिवस हा त्रास शिगेला पोहोचतो आणि पुढील दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. हा स्वभावाचा दोष नव्हे. ती शरीराची अवस्था आहे आणि तिच्यावर उपाय आहेत. निकोटिनयुक्त च्युइंगम, त्वचेवर लावायची पट्टी आणि काही गोळ्या उपलब्ध आहेत. मात्र कोणत्या रुग्णाला काय चालेल, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. त्यासाठी त्यांना सत्य कळणे ही पहिली अट आहे.

येथेच आपल्या मनात धर्माच्या नावाने एक गफलत होते. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन हे एक अंग सांगितले आहे. दुसऱ्याच्या दोषाचा डांगोरा पिटू नये, तो झाकावा, असा त्याचा आशय. “घरातील माणसाची उणी गोष्ट चारचौघांत कशाला सांगावी?” असे म्हणून दिवाणजींचा मुलगा जे लपवतो, ते त्याला उपगूहनच वाटते. परंतु या अंगाचे उदाहरण म्हणून आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात ज्या जिनेंद्रभक्त शेठजींचा उल्लेख केला, त्यांची कथा पूर्ण ऐकावी. त्यागीचा वेष घेऊन आलेल्या चोराने त्यांच्या जिनमंदिरातील रत्न चोरले. धर्माची निंदा होऊ नये म्हणून शेठजींनी लोकांसमोर त्याची बाजू सावरली. पण एकांतात त्याची कानउघाडणी करून त्याला तेथून दूर केले. त्यांनी दोष झाकला, जोपासला नाही.

उपगूहनाच्या लगतचे अंग आहे स्थितीकरण. मार्गावरून ढळणाऱ्याला हात देऊन पुन्हा स्थिर करणे. ही दोन अंगे जोडीने येतात. लोकांपासून दोष झाकावा तो माणसाला सावरता यावे म्हणून. डॉक्टर म्हणजे चारचौघे नव्हेत. त्यांच्यापासून व्यसन लपवणे म्हणजे स्थितीकरणाचे दार आपल्याच हाताने बंद करणे होय. आणि उशाखाली पुडी सरकवणे ही करुणा नसून मोह आहे. मोहाला समोरच्याचे या क्षणीचे दुःख दिसते. करुणा त्याच्या उद्याचाही विचार करते.

मग ज्या रुग्णाचे दिवसच भरत आले आहेत, त्याचे काय? “आता किती दिवसांचा सोबती, खाऊ द्या त्याला,” असे म्हटले जाते. हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. आपली परंपरा अंतिम काळ हा आसक्ती कमी करत समता साधण्याचा काळ मानते. परंतु त्याग हा ज्याचा त्याने करावयाचा असतो. हिसकावून घेतलेली वस्तू म्हणजे प्रत्याख्यान नव्हे. मृत्युशय्येवरील माणसाला टोचून बोलणे, “बघ, तुझ्या तंबाखूनेच ही वेळ आणली,” असे ऐकवणे, ही वाचिक हिंसाच आहे. अशा वेळीही डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावे. वेदना आणि तलफ शमवण्याचे जे उपाय ते सांगतील, ते करावेत आणि रुग्णाच्या मनाला शांतता लाभेल असे पाहावे.

उलट ज्याला बरे होऊन घरी परतावयाचे आहे, त्याच्यासाठी रुग्णशय्या ही एक दुर्मीळ संधी असते. नेहमीचा कट्टा, नेहमीचे सोबती, जेवणानंतरचा तो ठरलेला बार, सारेच काही दिवस दूर असते. सर्वांत कठीण असे पहिले काही दिवस वैद्यकीय देखरेखीखाली पार पडतात. परिस्थितीने घडलेल्या या विरामाला रुग्णाने स्वेच्छेने नियमाचे रूप दिले, तर तेच खरे प्रत्याख्यान. नियम आठ दिवसांचा घ्यावा, मग महिन्याचा, मग यावज्जीव. व्रतांकडे पायरीपायरीने नेणारी आपली पद्धत येथे जणू औषधासारखी उपयोगी पडते.

व्यापारी समाज म्हणून आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे. आपल्या दुकानाच्या फळीवर पुड्यांच्या माळा टांगलेल्या असतील, तर रुग्णालयात जाऊन फळे वाटण्याने तो हिशोब जुळत नाही. जमा आणि नावे या दोन्ही बाजू एकाच खातेवहीत असतात.

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त रुग्णसेवा करणाऱ्या प्रत्येकाने काही साधे नियम स्वीकारावेत. रुग्ण दाखल होताना तंबाखू, मिश्री, गुटखा यांची नावे घेऊन डॉक्टरांना खरी माहिती द्यावी. “व्यसन नाही” या मोघम उत्तराआड मिश्री लपते, कारण अनेक भगिनी तिला व्यसन समजतच नाहीत. रुग्णाने मागितले तरी पुडी नेऊ नये. त्याऐवजी त्याच्याजवळ थोडा वेळ अधिक बसावे, कारण तलफेची लाट काही मिनिटांत ओसरते. घरी परतल्यावर शासनाच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर व्यसनमुक्तीसाठी मार्गदर्शन घेता येते, हे त्याला सांगावे. आणि पेढीवरील हमाल, नोकर व त्यांचे कुटुंबीय यांच्यापर्यंतही हीच सेवा पोहोचवावी. वैयावृत्त्याला जातीचे कुंपण नाही.

त्या चित्रातील दिवाणजींकडे अखेरीस पुन्हा वळावे. तिसऱ्या दिवशी त्यांची सून डॉक्टरांना गाठून सारे सांगते. डॉक्टर रागावत नाहीत. औषध बदलतात, रुग्णाशी दहा मिनिटे बोलतात. दिवाणजी प्रथम खजील होतात, मग उशाखाली हात घालून पुडी काढतात आणि पत्नीच्या हातात ठेवतात. “ही घरी नेऊ नकोस,” एवढेच म्हणतात. या चार शब्दांत लाज राखली गेली, दोषही सुटू लागला आणि माणूस सावरला. प्रत्येक रुग्णशय्येशेजारी त्या सुनेसारखे धैर्य उभे राहो, हीच या शुभप्रसंगी प्रार्थना.

जय जिनेंद्र!