उंदराची वडिलोपार्जित पुंजी



शरीरांत रोगजंतु शिरला कीं त्याला नेमकें गांठून धरणारीं प्रथिनें रक्तांत तयार होतात. त्यांना प्रतिपिंडें म्हणतात. जो पदार्थ सृष्टींत कधींच नव्हता आणि प्रयोगशाळेंत प्रथमच घडला, त्यालाहि जुळणारें प्रतिपिंड शरीर निर्माण करूं शकतें. प्रतिपिंडांचे संभाव्य प्रकार कोट्यवधि आहेत. पेशींतील एकंदर जनुकें मात्र अवघीं वीस-पंचवीस हजार. मग ही विविधता येते कोठून? याचा उलगडा प्रथम उंदरासारख्या क्षुद्र प्राण्यापाशीं झाला.

प्रत्येक प्रतिपिंडांत दोन जड व दोन हलक्या साखळ्या असतात. साखळीचा एक भाग स्थिर, दुसरा बदलता. जंतूला पकडण्याचें काम बदलत्या भागाचें. हलक्या साखळ्यांचे कॅप्पा आणि लॅम्ब्डा असे दोन वाण आहेत. उंदरांत शंभरांतील सुमारें पंचाण्णव साखळ्या कॅप्पाच्या असतात.

विविधतेविषयीं शास्त्रज्ञांत दोन पक्ष होते. एक म्हणे, सारीं जनुकें आईबापांकडून तयारच मिळतात. दुसरा म्हणे, मिळतात थोडींच, पण हयातींत त्यांच्यांत फेरफार होतात. १९६५ सालीं ड्रायर व बेनेट यांनीं निराळीच कल्पना मांडली : दोन भागांचीं जनुकें वेगवेगळीं असून तीं पेशींत जोडलीं जातात. पुष्कळांना हें पटेना.

१९७६ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथें होझुमी व तोनेगावा यांनीं ही कल्पना कसोटीस लावली. उंदराच्या गर्भांतील आणि कॅप्पा साखळी बनविणाऱ्या कर्करोगाच्या गांठींतील डीएनए त्यांनीं एकाच विकरानें कापून ताडून पाहिला. गर्भांत दोन भाग निरनिराळ्या तुकड्यांवर होते. गांठींत ते एकाच तुकड्यावर आलेले आढळले. जनुक जन्मतः पूर्ण नसतें, पेशी तें सांधते, हें सिद्ध झालें. तोनेगावा यांना १९८७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

उंदराच्या सहाव्या गुणसूत्रावर कॅप्पाच्या बदलत्या भागाचे सुमारें शंभर उपयोगी खंड आणि चार उपयोगी जोडखंड आहेत. कोणताहि कोणाशीं जुळतो. म्हणजे चारशें प्रकार झाले. सांध्यावर अक्षरें कमीअधिक होतात, त्यानें भर पडते. शिवाय अशाच रीतीनें झालेल्या हजारों जड साखळ्यांशीं जोड्या जमल्या कीं गणती लाखांपलीकडे जाते.

लॅम्ब्डाची गोष्ट याहून उद्बोधक आहे. तिच्या बदलत्या भागाचे खंड उंदरापाशीं अवघे तीन! १९७०च्या सुमारास कॅलिफोर्नियांत वायगर्ट व कोन यांनीं अशा एका पोटजातीच्या साखळ्या तपासल्या. बहुतेक हुबेहूब सारख्या निघाल्या. उरलेल्यांत मोजक्याच अमिनो आम्लांचा फरक, आणि तोहि परक्या पदार्थाला स्पर्श करणाऱ्या ठिकाणींच. वारसा एकच होता. फेरफार हयातींतील होते. अर्थात् दोन्ही पक्ष अंशतः खरे ठरले.

हें कापणें-सांधणें चैनीचें काम नव्हे. १९९२ सालीं त्यास लागणारें जनुक काढून टाकलेल्या उंदरांत प्रतिपिंडें बनविणारी एकहि परिपक्व पेशी आढळली नाहीं. हा दोष घेऊन जन्मलेलें मानवी अर्भक साध्या संसर्गानेंहि दगावूं शकतें.

हयातींत कमावलेलें हें धन उंदीर पिलांना देत नाहीं. पिलें मूळ खंडच घेऊन जन्मतात आणि ज्याची त्याची जुळणी नव्यानें करितात. वडिलोपार्जित पुंजी थोडी असली तरी तिची मांडणी करण्याची मुभा मोठी आहे, हाच या क्षुद्र जीवानें शिकविलेला धडा होय.